आसा हॉबर्टच्या गायी

...आणि गायीला काय सांगणार हो, की बाई गं, मी अक्षरं शिकवायला आलेय, जरा बेतानं लाथ मार? तुम्हाला सांगते, मी मास्तरीण म्हणून आले होते. नेब्रास्काच्या त्या माळावर शाळा होती, पण मास्तरणीला घर नव्हतं. ज्याची पोरं शाळेत त्यानं आठवडाभर बाईला ठेवून घ्यायचं, मग पुढचं घर. सगळी घरं मातीच्या ढेकळांची, छताची माती थेट मक्याच्या घाट्यात पडायची, आणि तो काकवी घालून गिळताना छान झालाय म्हणायचं, कारण घरची बाई तोंडाकडे बघत असायची...

तर पाळी आली आसा हॉबर्टची. बायको वारलेली. मोठी मुलगी लोव्हिना, सोळाची. चूल, गायी, धाकटी भावंडं, सगळं तिच्या गळ्यात. भावंडं शाळेत, ही घरात. पण भाकरी थापता थापता त्यांच्या पाटीवरचं गणित उलट्या बाजूनं बघून तोंडी सोडवायची हो! मला राहवेना. बापाला म्हटलं, हिला पाठवा. तो माणूस दिवसाकाठी चार शब्द बोलणारा. घास चावून झाल्यावर म्हणाला,

"धारा कोण काढणार?"

"मी काढीन."

गेलं तोंडातून... आता मी मास्तरीण म्हणून आले होते ना? पण आठवडा सरला तरी मी पुढच्या घरी गेले नाही. अख्खा हिवाळा पहाटे गोठ्यात, बोटं भेगाळलेली, वर्गात शिरले की पोरं नाकं मुरडायची, आणि शेजारच्या पेटिबोनबाई चर्चच्या दारात गोड आवाजात विचारायच्या, "काय बाई, हॉबर्टकडचा घाटा जास्त मानवतो वाटतं?"

वसंतात लोव्हिना मास्तरकीची परीक्षा पास झाली. गावाला आनंद झाला, मलाही झाला, आणि मग शाळेच्या पंचांनी बैठक घेऊन ठरवलं, की शाळा एक, मास्तरीण एक, आणि हॉबर्टची मुलगी आपल्या घरी जेवते! मग परकी बाई कशाला पोसायची?

लोव्हिना रडत आली. "बाई, मी नाही म्हणून सांगते त्यांना."

मी म्हटलं, "तू नाही म्हणालीस, तर मी लाथा कशासाठी खाल्ल्या?" मग गेली ती, पंचांना हो सांगायला. पंचांचा निरोप आला तेव्हापासून, म्हणजे कालपासून, मी गोठ्यात गेले नव्हते, पेटी भरत बसले होते. मी मास्तरीण म्हणून आले होते, एक मास्तरीण घडवून निघाले होते, एवढंच.

तेवढ्यात आसा दारात. अंगात स्वच्छ सदरा, टोपी हातात. मी केस सारखे केले... केले, खोटं कशाला बोलू? बराच वेळ टोपी फिरवून म्हणाला, "कालपासून गायी पान्हा सोडत नाहीत. तुमची सवय झालीय त्यांना."

त्यांना!

आता मला सांगा, शाळेला नको झालेल्या बाईला इतकं खात्रीचं बोलावणं आणखी कुठून येणार होतं? मी बादली उचलली.