मामांनी करून घेतलेली तयारी

माझं वाटोळं मामांनी केलं, दुसऱ्या कुणी न्हाई. दहावीनंतर लातूरला क्लास लावायचा होता. वसतिगृहात जागा मिळाली तरच ते जमणार होतं. तिथं जुनी पोरं नव्या पोरांना जेवायला घालतात, गप्पा मारतात आणि आपल्यात कोण चालेल ते ठरवतात.

मामांनी आठ दिवस तयारी करून घेतली. "कुणी काही इचारलं तर सांगायचं न्हाई. भूकंपानंतर पंचनाम्यावाल्याला मी खरं सांगितलं, एकच भिंत गेली म्हणून. मदतीच्या यादीतून नावच कटलं."

वसतिगृहाच्या पंगतीत शेजारी बसलेला जुन्या पोरांतला दाढीवाला म्हणाला, "गाव कोणतं रे?"

"कशाला पाहिजे?"

"वडील काय करतात?"

"तुम्ही लिहून घेताय का?"

तो हसला. "बरं बाबा, भाजी कशी झाली, तेवढं तरी सांग."

मी खिडकीकडं बघितलं. बाहेर थांबलेल्या मामांनी नको म्हणून मान हलवली.

"सांगता येत न्हाई," मी म्हणालो.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव नव्हतं.

"बघ!" मामा म्हणाले. "म्हणलो न्हवतो, सगळे लबाड हायत?"

जागा गेली, क्लास गेला, आणि बारावी मी केलीच नाही.