आधी काय सांगायचं

ती अंघोळीपुरती घरी गेली होती, तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवर तिचे वडील गेले. आता ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांचा चष्मा मुठीत धरून बसली होती. मागे नर्सेसच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मोठ्या सिस्टर नव्या नर्सला विचारत होत्या.

“डॉक्टरांना फोनवर काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग.”

“खिडकीजवळच्या आजोबांची चादर बदलली म्हटलं. चहा दोनच घोट घेतला, मुलगी कुठे गेली विचारत होते...”

“अगं बाई! आणि श्वास लागला होता ते?”

“मी तिकडेच येत होते, सिस्टर. घडलं तसं सांगत होते. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, बरं, राउंडला बघतो. आणि ठेवला.”

“परत लावायचास की!”

“लावला. उचलला नाही.”

“घडलं तसं घरी जाऊन सांगायचं गं. इथे आधी, श्वास लागलाय, लगेच या. मग चादर गेली खड्ड्यात.”

“त्यांच्या मुलीला हे फोनचं सांगू मी?”

“आधी तोंड धू.”

आत नळ सुरू झाला. बाकावर फोन वाजला. परगावचा भाऊ होता.

“ताई, कधीचा लावतोय. बाबा कसे आहेत?”

“अरे, सकाळी त्यांची चादर बदलली.”

“बरं.”

“चहा घेतला. दोनच घोट.”

“ताई...”

“मी कुठे गेले विचारत होते म्हणे.”

“ताई, बाबा कसे आहेत ते सांग ना आधी.”

“तिकडेच येतेय रे.”