तीन सेलवाली बॅटरी

अरे, तुमच्या त्या बोटभर एलईडी टॉर्चचं कौतुक मला नका सांगू. मी हवालदार होतो तेव्हा सेलवाली जाडजूड बॅटरी असायची. एकदा दिवा स्टेशनजवळ चोरामागे धावताना ती हातातून पडली, विझली, आणि मी थेट नाल्यात. कपाळाला टाके पडले.

टाके निघाल्यावर ठाण्याला नौपाड्यात नवी बॅटरी घ्यायला गेलो. बायको सोबत आलीच. दुकानदाराने तीन सेलवाली स्टीलची काढली, फरशीवर दाणकन आपटली, तरी पेटलेलीच! म्हणाला, "साहेब, हिचा झोत पार खाडीपलीकडे जातो." मी खूश.

बायकोने विचारलं, "दोन सेलवाली आहे का हो?"

मी वैतागलो. "अगं, हिच्यात चोर लांबूनच दिसतो!"

"म्हणूनच नको." तिचं पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललेलं. "लांबचा दिसला की तुम्ही धावणार. भाऊ, यांना पायाखालचं दिसेल एवढीच द्या."

दुकानदाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग दोनवाली काढली आणि कोणी न सांगता ती दोनदा आपटून, पेटवून दाखवली. मला नाही, तिला.