रुंदीची फाईल

‘मुद्रितशोधक’ हा शब्द का खोडलास गं? बाकी निधनवार्ता नीट लिहिलीयस — नाव, वय, मागे कोण कोण — मग वडिलांचं कामच तेवढं का काढलंस? बस ना. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, या खुर्चीवर बस. जागा पुरणार नाही म्हणतेस? हे बघ, टाइप करूनच दाखवते. मावलं की नाही? बारा वर्षं एका खोलीत बसलो आम्ही, मी टाइप करायची आणि तुझे अण्णा तपासायचे. म्हणायचे, बाई, तुमची बोटं डोक्याच्या आधी कामावर येतात. खोटं नव्हतं ते.

औषधाच्या खोक्यात घालायच्या त्या माहितीच्या कागदामुळे ना? मला वाटलंच. ‘दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये’ — शेवटची ओळ, ती छापलीच गेली नाही, आणि चौदा महिन्यांची पोर गेली. लोकांनी काय धरलं? तपासणाऱ्याने डोळे मिटून सही केली. तूही तेच धरलंस, तुझा काय दोष. पण अण्णांनी तपासलेल्या कागदावर ती ओळ होती — तिच्याखाली त्यांनी लाल रेघ मारली होती, ठळक करा म्हणून. मग गेली कुठे? सांगते.

अक्षर म्हणजे तुला एकच वस्तू वाटते, मशीनला दोन लागतात. एका फाईलमध्ये अक्षराचा आकार. दुसरीत नुसते आकडे — क किती रुंद, म किती रुंद, कोणाशेजारी किती जागा सोडायची. ओळ कुठे मोडायची ते मशीन या आकड्यांवरून ठरवतं, आकाराकडे ढुंकूनही बघत नाही. शिंपी नाही का, माणूस समोर उभा असला तरी वहीतल्या मापानेच कापतो, तसं. म्हणून छापखान्यात काम पाठवताना दोन्ही फाईली सोबत द्यायच्या. नाही दिल्या तर? तर तिथल्या मशीनवर त्याच नावाच्या अक्षराची जुनी मापं पडलेली असतात, ती ते उचलतं. ती जरा रुंद निघाली की झालं — ओळीओळीतून एखादा शब्द खाली ढकलला जातो, मजकूर वाढतो, आणि चौकटीबाहेर गेलेलं छापलंच जात नाही. आरडाओरडा काही नाही. पडद्यावर कोपऱ्यात एवढंसं लाल चिन्ह येतं, तेही बघणाऱ्याला.

फाईली कोणी दिल्या? — डिस्क मी भरली. शेवटी आकड्यांची फाईल राहिली, एवढीशी असते ती, पण डिस्कवर तेवढीही जागा उरली नव्हती. दुसरी डिस्क घ्यायची, तर ती वरच्या फळीवर. मी म्हटलं, असेल की त्यांच्याकडे. होतीच ना. जुनी.

मालकांनी दोघांना उभं केलं. विचारलं, शेवटचं कोणी पाहिलं? अण्णा म्हणाले, मी. एवढंच. त्यांना या फाईलींचं काय कळणार, त्यांना वाटलं आपलीच नजर चुकली — घरीसुद्धा तेच सांगायचे ना? लाल रेघेचा तो कागद तेव्हा माझ्या खणात होता. दोन पावलांवर. माझी आई अंथरुणाला खिळलेली, घरात मिळवणारी मी एकटी — हे कारण झालं का? नाही झालं. अठरा वर्षं मी रोज स्वतःला विचारते आणि रोज हेच उत्तर येतं.

थांब, उठू नकोस. हा घे तो कागद. पिवळा पडलाय, पण रेघ दिसते. आणि शब्द मी ठेवतेय बातमीत — काढायचा असेल तर आत्ता सांग. नाही? बरं. रडू नकोस गं माझ्यासमोर, मला ते झेपायचं नाही. जा तू आता, घरी आई वाट बघत असेल.

काय, तेव्हा पुढे काय झालं? काही नाही. मालकांनी उभं केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कामावर आले नाहीत, मालकांनी तोच औषधाचा कागद पुन्हा छापायला पाठवायला सांगितला, आणि मी दोन्ही फाईली दिल्या.