कागदाचं घर आणि पोस्टमनचं नाक

मंडळी, टाळ आज जरा हळू! मृदंगबुवा, तुम्हीही थाप सांभाळून. आणि देवळाचं उत्तरेचं दार आज का लावलंय, ते आत्ता विचारू नका. शेवटी सांगतो. विसरलो तर आठवण करा. माझा भरवसा नाही.

तर आजचा प्रश्न असा. शूर कोण? पेटता टेंभा उचलतो तो? की उचललेला टेंभा खाली ठेवतो तो? पुढं बसलेल्या आजी म्हणतात, "उचलतो तो!" असेलही, आजी. मला स्वतःला अजून खात्री नाही. आपण मिळून बघू. ऐका!

करवंदे नावाचं गाव. तिथं बाळकोबा नावाचे निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली. कागद नुसता चाचपून सांगायचे, "हे लग्नाचं, हे नोकरीचं, हे रुसलेल्या मेव्हण्याचं!" त्यांच्या पत्नी सगुणाबाई. आणि एकुलती लेक इंदू, सासरी नांदत असलेली.

फाल्गुनात इंदूचा फोन आला — गोड बातमी! अन् त्याच आठवड्यात सगुणाबाईंना मागच्या दारावर, वाशाला, एक बटणाएवढं घर दिसलं. वर एकच माशी बसलेली. सगुणाबाईंनी हात जोडले. "अहो, कुंभारीण आली! पाळणा हलणार!"

कुंभारीण तुम्हाला माहीत आहे. मातीचं इवलंसं घर करणारी माशी. ती घर करते तिथं मूल जन्मतं, असं आपण म्हणतो. आणि आम्ही कीर्तनकार वर काय सांगतो? ती अळीला मातीत कोंडते, अळी तिचंच ध्यान करते, अन् ध्यान करता करता स्वतःच माशी होऊन बाहेर येते! मी तीस वर्षं सांगितलं. मग एका पुस्तकात वाचलं — अळी माशी होत नाही हो. माशीचं पिल्लू त्या अळीला खातं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तीस वर्षं मी त्या अळीला खोटा धीर देत होतो!

सगुणाबाईंनी असलंच कीर्तन ऐकलं होतं. कुणाचं, ते विचारू नका.

त्यांनी वाशाखाली हळदकुंकू वाहिलं. बाळकोबांनी वर पाहिलं, मान डोलावली. मंडळी, इथंच घोटाळा झाला! कुंभारीण घर करते मातीचं. आणि ते घर होतं कागदाचं! लाकूड चावून चावून केलेल्या करड्या कागदाचं. ती होती गांधीलमाशी! चाळीस वर्षं कागद हाताळलेल्या माणसाला डोक्यावरचा कागद ओळखता आला नाही! तेव्हा एकटी राणी होती, घर बटणाएवढं होतं. जाणत्याला बोलावलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण देवाघरचं म्हणून ठेवलं. भाद्रपद उजाडला, तेव्हा नारळाएवढं पोळं लोंबत होतं!

अन् गुरुवारी इंदू येणार. पहिलं बाळंतपण, माहेरी. न्हाणीघराची वाट त्याच दाराखालून.

मंगळवारी सगुणाबाईंना डंख बसला. मनगटावर. तेव्हा डोळे उघडले! कारण इंदू नऊ वर्षांची असताना तिला गांधीलमाशी चावली होती. तोंड सुजलं, श्वास कोंडला, अंगावर पित्त उठलं. जीपमधून दवाखान्यात नेली म्हणून वाचली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा चावली तर चुना-कांदा चोळत बसू नका. थेट दवाखाना!" आता तर पोरगी दोन जिवांची.

बाळकोबा उठले. काठीला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या.

सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, तालुक्याच्या इब्राहिमभाईंना बोलवा ना. ते पोळी काढतात."

"तो भित्राभाई? भर चावडीवर म्हणालोय मी त्याला तसं! मुंगीला घाबरून बूट घालतो! मी चाळीस वर्षं गावची कुत्री अंगावर घेतली!"

"कुत्र्याला पंख होते का?"

माणसाला उत्तर सुचलं नाही की तो शिडी चढतो!

भर दुपार. वर टेंभा, खाली बाळकोबा, बरोबर पोळ्याखाली. ज्वाळा लागली मात्र — भुर्रर्र! एक डंख कानाला, एक गालाला, तिसरा नाकाच्या शेंड्याला! टेंभा पडला कोपऱ्यातल्या झावळ्यांवर, झावळ्या पेटल्या. बाळकोबा शिडीवरून उतरले असं म्हणवत नाही. शिडी वर राहिली, ते खाली आले. सगुणाबाईंनी दोन घागरी झावळ्यांवर ओतल्या, नवऱ्याला ओढून घरात घेतलं, दार लावलं. गार पाण्याची पट्टी नाकावर ठेवली आणि तासभर विचारत राहिल्या, "श्वास नीट येतोय ना?"

"येतोय. पण एकाच नाकपुडीतून."

अन् पोळं? थोडं करपलं. माश्या दुप्पट चवताळल्या.

बाळकोबा पडल्या पडल्या छताकडं बघत होते. नाक वांग्यासारखं. दुखत होतं, पण त्याहून जास्त एक विचार दुखत होता. फोन करून लेकीला सांगायचं का — बाई, येऊ नकोस, बापानं घर बिघडवलंय? की ज्याला भर चावडीवर भित्रा म्हटलं, त्याच्या दारात हे नाक घेऊन उभं राहायचं? सांगा मंडळी, शिडी चढणं अवघड की ते दार वाजवणं?

बुधवारी सकाळी ते एसटीनं तालुक्याला गेले. दार वाजवलं.

इब्राहिमभाईंनी नाकाकडं पाहिलं. "पोस्टमनकाका, पत्र कुठून आलं ते कळलं. शिक्का स्पष्ट उमटलाय!"

"भाई, मी तुम्हाला भित्रा म्हणालो होतो."

"खरंच आहे ते. मी भितो, म्हणून तर माझं नाक सरळ आहे. चला."

दिवेलागणीला, सगळ्या माश्या घरी परतल्यावर, भाई कामाला लागले. अंगभर जाड कपडे, हातमोजे, तोंडावर जाळी. आधी पडवीतला दिवा मालवायला लावला, कारण माशी उजेडावर झेपावते. बॅटरीला लाल कागद, कारण लाल उजेड तिला दिसत नाही. सगळ्यांना आत घालून दारं-खिडक्या बंद. पळायची वाट आधी मोकळी केली! शिडी नाही. लांब नळीनं, बाजूला उभं राहून औषध मारलं आणि शांतपणे निघून आले. "आता सकाळपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही."

सकाळी एकही माशी हलत नाही, हे पाहून मगच भाईंनी पोळं उतरवलं. बाळकोबांनी ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं. "कागद!" एवढंच म्हणाले.

भाई निघाले, तेव्हा बाळकोबांनी परसाच्या टोकाच्या आंब्यावर बोट दाखवलं. "तिथं उंचावर आणखी एक आहे. तेही काढा."

"ते राहू दे काका. कुणाच्या वाटेत नाही, दगड मारू नका म्हणजे झालं. तुमच्या भाजीवरच्या अळ्या कोण खातं? आणि ते खिडकीतलं मातीचं घर बघा, काकी. ही तुमची खरी कुंभारीण. हिला लावा हळदकुंकू, ती सहसा वाटेला जात नाही."

दुपारी इंदू आली. मागच्या दारानं न्हाणीघरात गेली, हातपाय धुऊन आली आणि मग थबकली. "बाबा! नाकाला काय झालं?"

"काही नाही गं," बाळकोबा म्हणाले. "एक पत्र न वाचता ठेवलं होतं."

आता उत्तरेचं दार. मंडळी, उठू नका, घाबरू नका. त्या दाराच्या बाहेर, कमानीला, पोळं आहे. ते मी दुपारी पाहिलं. आणि दाराआड रॉकेलचा डबा आणि चिंध्या गुंडाळलेला टेंभाही पाहिला. उद्या सकाळी पेटवायचा बेत आहे म्हणे. कुणाचा, ते मी म्हणणार नाही. मला देवस्थान समितीतल्या मोठ्यांशी वाद घालता येत नाही. म्हणून तर एवढी मोठी गोष्ट सांगितली. उद्या इथं बालवाडीची चाळीस मुलं बसणार आहेत. त्यांतली इंदू कोण, ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नाही.

आजूबाजूला आपण तरी दुसरं काय करतो हो? बटणाएवढं असतं तेव्हा हळद वाहतो, नारळाएवढं झालं की आग लावतो!

भाईंचा फोन नंबर माझ्याजवळ आहे. तो टेंभा तेवढा कुणी आतल्या बाजूनं उचलून इथं माझ्या पायाशी आणून ठेवेल का? दार उघडायची गरज नाही. कोण उठतंय?

…अध्यक्षसाहेब! तुम्ही?

सावकाश. हां, ठेवा खाली. आजी, बघितलंत? मला आता थोडी खात्री वाटू लागली आहे. घ्या मंडळी देवाचं नाव. मनापासून — पण हळू! आणि जाताना सगळे दक्षिणेच्या दारानं.