दोन टबवाली मशीन

पत्नी विनता गेल्यानंतर तीन महिन्यांनी भय्यासाहेब सदर बाजारातल्या एका दुकानात वॉशिंग मशीन पाहायला आले. शेजारी एक म्हातारं जोडपं वाद घालत होतं.

“दोन टबवालीच घ्या. माहेरची पंधरा वर्षं चालून राहिली.”

“अन् चालवणार कोण, शैलजा?”

“तुम्ही! पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना.”

“मला नाही जमत.”

“तीस वर्षं फॅक्टरीत तोफा बनवल्या, अन् हे काहून नाही जमत?”

“तोफेला साबण लावा लागत नाही.”

“चलो, रुमाल टाकून दाखवा. अहो, तो ड्रायर! आधी धुवायचं, मग वाळवायचं.”

भय्यासाहेब पुढे सरकले.

“ताई, मलाही शिकवता?”

“घरी दाखवणारं नाही का कोणी, भाऊजी?”

“होती.”

“...या, इकडे उभे राहा. पहिले खिसे तपासायचे.”