मेल्या का रे?

...आणि वर आई रोज फोनवर विचारणार, "मेल्या का रे?" तेही नेमकं मी लिफ्टमध्ये असताना, आणि आईचा आवाज असा की शेजारच्या बाईंनी पर्स छातीशी धरली! आता त्यांना काय सांगू, की बाई, मी माणसं नाही हो मारत, पेशी मारतो? कॅन्सरच्या... आणि त्याही मरत नाहीत!

तुम्हाला सांगतो, पाच वर्षं! एकाच पेशंटच्या, त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या पेशी मी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतोय आणि औषधं घालून मारायला बघतोय. प्रत्येक पेशीच्या पोटात म्हणे स्वतःला संपवायची सोय असते. चांगल्या पेशी इतक्या शहाण्या, जरा काही बिघडलं की आपणहून निरोप घेतात. आणि या? पहिलं औषध दिलं, दोन दिवस रुसून बसल्या, चौथ्या दिवशी दुप्पट! दुसरं दिलं... ढुंकूनही पाहिलं नाही! माझी पदवी अडली, लग्न अडलं, यांचा संसार मात्र जोरात! "मेल्या का रे?" नाही गं आई, पतवंडं झाली!

शेवटी आमच्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दोन्ही एकदम दे. एक वाढ रोखेल, दुसरं त्यांना मरणापासून वाचवणारं प्रोटीन अडवेल. आणि या महिन्यात नाही जमलं, तर विषय बदल." विषय बदल! पाच वर्षांनी! मग मीही इरेला पेटलो. होत्या नव्हत्या तेवढ्या पेशी काढल्या, फ्रीझरमधल्या शेवटच्या दोन कुप्यासुद्धा वितळवल्या, दिली दोन्ही औषधं... आणि तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघतो तर काय, मेल्या हो! आक्रसून, तुकडे तुकडे होऊन तरंगतायत! तुलनेसाठी ठेवलेल्या बिनऔषधाच्या शेजारणी ठणठणीत, म्हणजे औषधांनीच मेल्या! खोटं कशाला सांगू, मी रडलो. आईला फोन केला, "मेल्या!" आईसुद्धा रडली.

मॅडमनी आकडे पाहिले. हसल्या, पाच वर्षांत पहिल्यांदा! म्हणाल्या, "छान. आता हेच आणखी दोनदा करून दाखव."

दोनदा? कशावर? शेजारणींवर? अहो, त्या मोजणीत गेल्या! आमचं मोजायचं रसायन जिवंत किती ते अचूक सांगतं, पण मारून! मॅडमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "थोड्या राखून ठेवल्या असतीलच ना?" पहिल्या दिवशी शिकवतात हो हे, थोड्या राखून ठेवाव्यात. मी नव्हत्या ठेवल्या.

नशीब, मी आळशी! टाकून द्यायची राहिलेली एक बाटली मागच्या कोपऱ्यात सापडली. तळाला चिकटलेल्या अकरा पेशी, त्याही मरतुकड्या. आता मी त्यांना खाऊपिऊ घालतोय, दार हळू लावतोय, आणि या... वाढायचं नाव घेत नाहीत!

आईला म्हटलं, अजून दोनदा. झालं, काल परत लिफ्ट, परत आई. "मेल्या का रे?" मी ओरडलोच, "आई, शुभ बोल गं! आज कुठं एकीच्या दोन झाल्यात!"

शेजारी त्याच बाई. पर्सवरचा हात सैल झाला, चेहरा उजळला. "अय्या, जुळ्या का?"

काय सांगणार? म्हटलं, "हो... जरा वाढल्या की मारायच्यात."